नगरपालिकेचे तळे

कंपनी सरकारच्या १८५० सालच्या सव्विसाव्या कायद्यात एक कलम आहे. ते वाचताना प्रथम हसू येते आणि मग मनुष्य थोडा विचारात पडतो. एखाद्या शहरातील रहिवाशांना आपल्या गावचे सार्वजनिक रस्ते, गटारे आणि तळी बांधावीत, दुरुस्त करावीत, झाडून स्वच्छ ठेवावीत, रात्री दिवे लावावेत, पहारा बसवावा, उपद्रवाच्या गोष्टी बंद कराव्यात अशी इच्छा झाली आहे असे सरकारच्या नजरेस आल्यास, सरकारने तो कायदा त्या शहरास लागू करावा, असा त्या कलमाचा आशय. म्हणजे शहराने आपण होऊन हुजुरांकडे अर्ज करायचा, की आमच्यावर कर बसवा, आमच्यातील चार गृहस्थ कमिशनर म्हणून नेमा आणि आमच्या पैशांची पेटी त्यांच्या स्वाधीन करा. ज्या राज्यात जमिनीचा सारा ठरवताना रयतेची मर्जी कोणी कधी विचारली नाही, त्या राज्यात गटारांसाठी मात्र रयतेच्या इच्छेची वाट पाहिली जावी, हे सौजन्य अकारण उपजलेले नव्हते. त्याच्या मागे आठ वर्षांपूर्वीची एक फजिती होती.

१८४२ च्या दहाव्या कायद्याने बंगाल इलाख्यात असाच एक प्रयोग करून पाहिला होता. शहरातील दोनतृतीयांश घरमालकांनी मागणी केली तरच तो कायदा लागू व्हायचा, आणि कर म्हणजे घरांवरील सरळ कर. तो काय तो एका ठिकाणी लागू झाला, आणि वसुलीची वेळ आली तेव्हा तेथील लोकांनी पैसे देण्याचे तर नाकारलेच, पण आमच्या जागेत बेकायदा शिरलात म्हणून खुद्द कलेक्टरसाहेबांवरच फिर्याद ठोकली. उंबऱ्यावर येऊन हात पसरणारा कर माणसाला दिसतो, आणि दिसणारा कर त्याला सहन होत नाही, हे लेखी पुराव्यानिशी सिद्ध झाले.

सव्विसाव्या कायद्याने हा धडा गिरवला. कर कोणता बसवायचा हे कमिशनरांनी ठरवावे. घरपट्टी घ्यावी, शहरात येणाऱ्या मालावर जकात घ्यावी, किंवा आणखी काही युक्ती काढावी. सरकारने मंजुरी दिली की झाले. एवढ्या एका मोकळिकीने चित्र पालटले. मुंबई इलाख्यात आणि तिकडे वायव्य प्रांतात शहरामागून शहर अर्ज करू लागले. पनवेलची नगरपालिका २५ ऑगस्ट १८५२ ची, सोलापूरची त्याच वर्षातली. साताऱ्याची १८५३ मधली, आणि तेथे तर छत्रपतींचे राज्य खालसा होऊन जेमतेम चार-पाच वर्षे झाली होती. या शहरांना एकाएकी स्वराज्याची तहान लागली असे मानण्याचे कारण नाही. अर्जावर सह्या करणारे पाच-पंचवीस प्रतिष्ठित सावकार, व्यापारी आणि इनामदार, त्यांच्यामागे अर्जाचा मसुदा घेऊन उभा असलेला मामलेदार, आणि मामलेदारामागे कलेक्टरची इच्छा, असाच हा क्रम बहुतेक ठिकाणी असावा. कायद्यातील ‘रहिवासी’ कोण, हे मोजून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. ती मोजदाद पुढे व्हायचीच होती, पण फार निराळ्या रीतीने.

शहराचा कारभार ही वस्तू आपल्याकडे इंग्रजांनी आणली असे मात्र समजू नये. पेशवाईत नवी पेठ वसवायची झाली तर सरकारातून कौल मिळे, येऊन राहणाऱ्या उदम्यांना काही वर्षे पट्ट्यांची माफी असे, आणि पेठेची व्यवस्था शेटे आणि महाजन या वतनदारांकडे असे; त्यांचे हक्क, मानपान, बाजारातील शेव हे सगळे सनदांतून बारकाईने नोंदलेले सापडते. पुण्यासारख्या शहरी कोतवाल होता. रस्ते, बाजारभाव, परका माणूस आला-गेला, रात्रीची गस्त, सारे त्याच्याकडे. उणीव होती ती निराळीच. शेट्याचा हक्क शेट्याच्या घराण्याचा, कोतवालीचे उत्पन्न सरकारचे, देवळाचे देवाचे. शहर म्हणून जे काही होते त्याच्या नावे मात्र एक कवडी जमा नव्हती. शहर कोणावर दावा लावू शकत नसे, शहरावर कोणी लावू शकत नसे, आणि शहराच्या मालकीचे असे काही नसे. ही कायदेशीर काया इंग्रजी कायद्याने दिली, आणि ती हळूहळू, हप्त्याहप्त्याने दिली.

तिला पोसले मात्र जुन्याच अन्नाने. मुंबई इलाख्यातील शहर-जकाती, धंद्यांवरील मोहतर्फा आणि तत्सम पट्ट्या सरकारने १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्याने एका फटकाऱ्यात रद्द केल्या होत्या. व्यापाराच्या पायातील बेड्या तोडल्या म्हणून त्याची वाखाणणीही झाली. तूट भरून काढण्यासाठी मिठावरील कर मणी आठ आण्यांवरून एक रुपयावर नेला, तेव्हा सुरतेस दंगा उसळला आणि तो बारा आण्यांवर उतरवावा लागला. इतके करून जी जकात हद्दपार केली, तीच सहा वर्षांनी नगरपालिकेच्या नावाने वेशीतून परत आली. फरक इतकाच की पूर्वी तिचे पैसे सरकारच्या खजिन्यात जात, आता ते शहराच्या पेटीत जाणार होते. हा फरक लहान नव्हे. पण नाक्यावर गाडी अडवली गेलेल्या गाडीवानाला तो समजावून सांगणे कठीण होते.

त्या नाक्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण एकोणिसाव्या शतकातील लहान शहराची खरी राजधानी कचेरीत नव्हती, वेशीबाहेरच्या त्या चार बांबूंच्या आडोशात होती. पहाटेच्या अंधारात घाट उतरून आलेल्या गाड्या रांगेने उभ्या. बैलांच्या जुवाखाली कंदील टांगलेले. आडोशात एक चौफळा, त्यावर दौत, बोरू आणि पावत्यांचे बाड, आणि मागे नाकेदार. तो गाडीतील गोण्या मोजतो, एखादीत गज खुपसून आत गूळ आहे की सुपारी ते पाहतो, दराच्या तक्त्यावरून बोट फिरवतो आणि आकडा सांगतो. माल शहरात खपायचा असेल तर जकात; नुसता शहरातून पुढे जायचा असेल तर अनामत ठेवायची, रहदारीचा दाखला घ्यायचा, पलीकडच्या नाक्यावर दाखला दाखवून माल बाहेर गेल्याची खूण करून घ्यायची आणि अनामत परत मागायची. परत मागायची हे खरे. मिळायची केव्हा, हा नाकेदाराच्या मर्जीचा प्रश्न. गाडीवान बिचारा निरक्षर, बैल उपाशी, बाजार गाठायची घाई. परताव्याच्या चार आण्यांसाठी अर्धा दिवस कोण घालवणार? त्यामुळे जी जकात तत्त्वतः शहराच्या खपावर होती, ती व्यवहारात येणाऱ्याजाणाऱ्या साऱ्या वाहतुकीवर बसे. हिंदुस्थान सरकारने यावर वारंवार डोळे वटारले. परंतु बंदरकाठच्या किंवा घाटाच्या तोंडाशी वसलेल्या गावाला वाहतुकीवर हात मारू नको म्हणणे म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणे होते.

जकातीचा दुसरा गुण असा की ती देणाऱ्याला आपण ती देतो हे कळत नाही. नाक्यावर ती व्यापारी देतो, आणि पुढे मिठाच्या, तेलाच्या, गुळाच्या भावात मिसळून ती गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. त्यामुळे वेशीबाहेरच्या महारवाड्यातील माणूस पैशाचे मीठ घेऊन घरी गेला तर तोही नगरपालिकेच्या पेटीत आपला वाटा टाकून गेलेला असे. त्याला कोणी करदाता म्हणत नसे. करदाता म्हणजे ज्याच्या नावे घरपट्टीचे बिल निघते तो. पुढे जेव्हा मतदारांच्या याद्या झाल्या, तेव्हा त्या बिलावरून झाल्या.

कमिशनरांच्या पहिल्या मंडळ्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मॅजिस्ट्रेट पदसिद्ध, बाकीचे सरकारने नेमलेले. सभा कचेरीत भरायची, कलेक्टर असला तर तो बोलायचा, नसला तर मामलेदार बोलायचा, आणि शेटजी मान डोलवायचे. १८७३ च्या मुंबईच्या सहाव्या कायद्याने या मंडळ्यांना रीतसर चौकट दिली: दहा हजारांवर वस्तीची ती सिटी म्युनिसिपालटी, दोन हजारांवरची टाउन म्युनिसिपालटी, अध्यक्ष कलेक्टर, उपाध्यक्ष बहुधा प्रांतसाहेब. नेमलेला सभासद होयबाच असे मात्र नव्हते. पुण्याच्या नगरपालिकेवर १८७६ पासून नेमलेले सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी करदात्यांचे हजार रुपये उडवण्याच्या ठरावाला एकट्याने विरोध केला होता. लहान गावातून असा फुले निघाला नाही, किंवा निघाला असेल तर त्याचे मत कारकुनाने कार्यवृत्तात लिहून ठेवले नाही.

मग लॉर्ड रिपनचा १८ मे १८८२ चा ठराव आला. स्थानिक मंडळ्यांत बिनसरकारी सभासदांचे बहुमत असावे, शक्य तेथे अध्यक्षही बिनसरकारी असावा, आणि या साऱ्याचा हेतू कारभार अधिक चोख व्हावा हा मुख्यतः नसून लोकांचे राजकीय शिक्षण व्हावे हा आहे, असे त्यात निःसंकोचपणे म्हटले होते. मुंबई सरकारने कायदा केला तो १८८४ चा दुसरा. निम्म्यापेक्षा कमी नाहीत इतके सभासद निवडणुकीने घ्यायचे ठरले, आणि मतदार म्हणून करदाते, पदवीधर, वकील अशी मंडळी मान्य झाली. पुढे १९०१ च्या तिसऱ्या कायद्याने नगरपालिका ही निरंतर चालणारी, स्वतःची मोहर असलेली, मालमत्ता धारण करू शकणारी, दावा लावू शकणारी कायदेशीर व्यक्ती आहे, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. आणि शहरातील सार्वजनिक रस्ते, गटारे, विहिरी, तळी ही सरकारने राखून ठेवलेली नसतील आणि कोणाच्या खाजगी मालकीची नसतील तर नगरपालिकेच्या ठायी निहित होतील, असेही सांगितले. निहित होणे हे वकिली भाषेतले कोरडे क्रियापद. त्याचा अर्थ लागायला एका गावी दहा वर्षे कोर्टकचेरी झाली.

ते गाव महाड. सावित्रीच्या खाडीवर, जेथवर भरतीच्या पाण्याने गलबते येऊ शकत त्या टोकाशी वसलेले; मागे रायगड, पुढे बाणकोटकडे जाणारी खाडी, आणि डोक्यावर वरंधा घाट. मीठ, सुकी मासळी, नारळ खालून वर जायचे आणि कांदा, बटाटा, गूळ वरून खाली यायचा. दोन्ही वेळा महाडच्या नाक्यावरून. १८६६ मध्ये येथे नगरपालिका झाली. गावची वस्ती पुढे सात-आठ हजारांच्या आसपास राहिली. म्हणजे शाईचे हिशेब ठेवण्यापुरते मोठे, आणि कोण कोणाच्या घरचा पाहुणा आहे हे सगळ्यांना ठाऊक असण्याइतके लहान. गावाच्या मध्यभागी चवदार तळे. उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात त्याचे वर्णन आहे ते मोठे सुबोध आहे: चार-पाच एकरांचे तळे, चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, त्यांच्या पलीकडे बहुतेक सवर्ण हिंदूंची आणि काही मुसलमानांची घरे, काठावर कोठे कोठे त्या घरमालकांच्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्या, पाण्यात उतरायला पायऱ्या. रस्ता नगरपालिकेचा, पायरी अमक्याची, पाणी कोणाचे? हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता, कारण ज्यांना पाणी भरता येत होते त्यांना तो विचारण्याची गरज नव्हती, आणि ज्यांना भरता येत नव्हते त्यांना विचारण्याची सोय नव्हती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा यांचा वापर अस्पृश्य मानलेल्यांना करू द्यावा अशी ती शिफारस. पण कोणत्या पाणवठ्यांचा? जे सार्वजनिक पैशातून बांधले वा राखले गेले आहेत, किंवा ज्यांचा कारभार सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण केलेल्या मंडळ्यांकडे आहे, त्यांचा. महाडच्या तळ्यापर्यंत हा ठराव पोहोचला तो या शेवटच्या शब्दांच्या वाटेने. जातीच्या पंचायतीला, देवस्थानाला, घरंदाज मालकाला तो काही सांगू शकत नव्हता. परंतु नगरपालिका ही कायद्याचे अपत्य होती, आणि आईबापांचे नाव सांगून मिळालेली मिळकत उपभोगणाऱ्याला आईबापांचा शब्द अगदीच मोडता येत नाही. सरकारने ठराव अंमलासाठी खात्यांकडे आणि स्थानिक मंडळ्यांकडे पाठवला. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे पुढारी पालिकेत होते म्हणून तो होऊ शकला, हे त्या गावाच्या पदरात घातले पाहिजे. ठराव दप्तरात नोंदला गेला. तळ्यावर काही बदलले नाही; तीन वर्षे तो ठराव बासनात आणि पाणी जागच्या जागी राहिले.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडास परिषद भरली, आणि दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे रांगेने तळ्यावर जाऊन पाणी पिऊन परतली. पुढची हकीकत, अफवा, मारहाण, आणि मग पंचगव्याच्या घागरी ओतून केलेली पाण्याची शुद्धी, महाराष्ट्राला पाठ आहे. ती येथे पुन्हा सांगत नाही. नगरपालिकेच्या इतिहासापुरती मोलाची गोष्ट नंतर घडली. ते लोक पाण्याला गेले होते ते नगरपालिकेच्याच ठरावाच्या आधाराने. त्यांनी कोणताही कायदा मोडला नव्हता. म्हणून ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. निवडून आलेल्या सभासदांनी, रीतसर सभेत, बहुमताने. रिपनसाहेबाला अभिप्रेत असलेले राजकीय शिक्षण महाडास झाले होते. सभेचे नियम, सूचना, अनुमोदन, मतमोजणी, सारे बिनचूक शिकून झाले होते, आणि त्या विद्येचा पहिला ठसठशीत उपयोग हा असा झाला. मतदारांच्या यादीत जे होते त्यांच्या प्रतिनिधींनी, मिठाच्या भावातून पालिकेला पोसणाऱ्या पण यादीत नसलेल्या माणसांसाठी तळे बंद केले.

ठराव रद्द झाला तरी सत्याग्रह पुन्हा होणार हे ठरलेलेच होते. डिसेंबरची २५ तारीख जाहीर झाली होती. तेव्हा महाडातील नऊ सवर्ण गृहस्थ १२ डिसेंबर रोजी दिवाणी कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे, तळे सार्वजनिक नव्हेच, ते खाजगी आहे. आणि सार्वजनिक मानले तरी त्याचा वापर फक्त सवर्णांनी करावा अशी अनादि रूढी आहे. डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी यांना अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी म्हणून प्रतिवादी केले गेले. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. जमलेल्या हजारो सत्याग्रहींपुढे, कोर्टाचा हुकूम मोडू नये, असे सांगण्याची पाळी बॅरिस्टर असलेल्या पुढाऱ्यावर आली, आणि त्याच अधिवेशनात मनुस्मृतीचे दहन झाले. मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला; दावा मात्र चालूच राहिला.

एका गोष्टीकडे आपल्याकडच्या लिखाणात फारसे लक्ष गेलेले नाही. या दाव्यात ज्याची मालकी ठरवायची होती ती नगरपालिका पक्षकार नव्हती. वादी घरमालक, प्रतिवादी पाणी मागणारे, आणि ज्या कायदेशीर व्यक्तीच्या ठायी ते तळे निहित होते ती दोन्ही बाजूंच्या मध्ये मूग गिळून. तिने १९२४ मध्ये एक सांगितले होते, १९२७ मध्ये दुसरे. तिसरे सांगायला तिला कोणी बोलावले नाही, आणि ती आपण होऊन पुढे आली नाही. ज्याच्या घरावरून भांडण तो शेजारच्या ओसरीवर बसून ऐकतो आहे, असा तो देखावा होता.

महाडच्या न्यायाधीशांनी ८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला: तळे नगरपालिकेचे आहे, अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची वहिवाट दीर्घकाळची असली तरी तीमधून वादींना कायदेशीर हक्क उत्पन्न होत नाही. ठाण्यास अपील झाले, तेही जानेवारी १९३३ मध्ये फेटाळले गेले. मग मुंबईच्या उच्च न्यायालयात दुसरे अपील, ते न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांच्यापुढे आले. हे ब्रूमफील्ड म्हणजे अहमदाबादेस १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची सजा सुनावणारे जिल्हा न्यायाधीश. १७ मार्च १९३७ रोजी त्यांनी निकाल दिला. वादींना जी अनादि रूढी सिद्ध करायची होती ती सिद्ध झालेली नाही, एवढ्याच मुद्द्यावर अपील फेटाळले गेले.

महाडचे पाणी त्यामुळे खुले झाले, पण कायद्याचा विद्यार्थी या निकालावर थोडा हिरमुसतो. रूढी सिद्ध झाली असती तर काय, याविषयी न्यायमूर्तींनी लिहिले आहे ते असे: तसे असते तर ती रूढी अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय हे पाहावे लागले असते, तळे नगरपालिकेच्या ठायी निहित झाल्याचा कायदेशीर परिणाम काय, हे तर नक्कीच पाहावे लागले असते, आणि नगरपालिका पक्षकार नसलेल्या दाव्यात वादींना काही दाद देता आली असती काय, हाही प्रश्न होता. पण रूढीच सिद्ध नसल्यामुळे यांपैकी कशाचीच चर्चा करण्याचे कारण नाही. १८५० च्या कायद्यापासून तुकड्यातुकड्याने घडत आलेल्या त्या कायदेशीर व्यक्तीला, तू सगळ्या गावाची आहेस की घरपट्टीच्या यादीपुरती, असे विचारण्याची वेळ कोर्टाच्या दारापर्यंत आली आणि तेथून परत गेली.

उत्तर आले ते कोर्टातून नव्हे. २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे पोटकलम विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांच्या येण्याजाण्याच्या जागा यांविषयी आहे. या जागा पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून राखलेल्या असोत, अथवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी वाहिलेल्या असोत, त्यांच्या वापराला धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणाने अडथळा करता येणार नाही, असे ते म्हणते. बोल्यांच्या ठरावाची भाषा त्यात ओळखू येते. रूढी जुनी की नवी हा प्रश्न तेथे उरत नाही, आणि पायरी कोणाच्या जमिनीवर आहे याने फरक पडत नाही; तळे अंशतः जरी सार्वजनिक पैशातून राखले जात असेल, तरी तेवढे पुरते.